अकरा पस्तीसची खुर्ची

अमेरिकी टीव्हीवरच्या जे लेनोनं कोनन ओब्रायनची खुर्ची हिसकावली, असं मी जवळजवळ दहा वर्षं भेटेल त्याला सांगत होते. हल्ली तसं म्हणवत नाही.

मी 1998 साली मिरजेहून बोस्टनजवळ आले. इस्पितळाच्या लॅबमध्ये सेकंड शिफ्ट मिळाली, दुपारी तीन ते रात्री अकरा. घरी पोचेपर्यंत साडेअकरा व्हायचे. नवरा आणि मुलगी झोपलेली असायची. आमटीभात गरम करून ताट मांडीवर घ्यायचं, टीव्हीचा आवाज पूर्ण बंद ठेवायचा आणि पडद्यावर खाली येणारी अक्षरं वाचायची. चॅनल 7 वर, म्हणजे एनबीसी वाहिनीच्या इथल्या केंद्रावर, 11.35 ला लेनोचा गप्पा-विनोदाचा ‘टुनाइट शो’ लागायचा, 12.35 ला कोननचा ‘लेट नाइट’. इथली रोजच्या बोलण्यातली इंग्रजी मी त्या अक्षरांवरून शिकले. लेनोचे विनोद त्या दिवशीच्या बातम्यांवर असत, ते चटकन कळत. कोननचे कळायला मला वर्ष लागलं. ते कळायला लागले, तसा तो ताडमाड उंच, लाल केसांचा माणूस मला घरचाच वाटू लागला. त्यात तो ब्रुकलाइनचा, म्हणजे आमच्या बोस्टनला लागूनच असलेल्या गावचा.

‘टुनाइट शो’च्या त्या खुर्चीचं भांडण जुनं आहे. जॉनी कार्सन तिच्यावर 1962 पासून 1992 पर्यंत, तीस वर्षं बसला. त्याच्या पाठोपाठ रात्री साडेबाराला 1982 पासून डेव्हिड लेटरमन यायचा. कार्सननंतर लेटरमनच, असं पुष्कळांनी धरलं होतं. एनबीसीनं खुर्ची दिली लेनोला. लेटरमन 1993 मध्ये सीबीएस या दुसऱ्या वाहिनीवर गेला आणि लेनोच्या समोर, त्याच वेळेला उभा राहिला. त्याच्या रिकाम्या जागेवर आणला तो कोनन. तोपर्यंत पडद्यामागं बसून दुसऱ्यांसाठी विनोद लिहिणारा, लोकांना जवळजवळ अनोळखी. बिल कार्टर यांच्या ‘द लेट शिफ्ट’ या पुस्तकात एक प्रसंग आहे. लेनोला घालवायचं का, यावर एनबीसीच्या अधिकाऱ्यांची फोनवर बैठक चालली होती, आणि लेनो एका छोट्या खोलीत लपून ती ऐकत होता. हा प्रसंग मी लोकांना सांगायचे तो पुरावा म्हणून. बघा, हा माणूस पहिल्यापासूनच तसला.

मग 2004 मध्ये एनबीसीनं जाहीर केलं की 2009 ला ‘टुनाइट शो’ कोननकडे जाईल. पाच वर्षं आधी! कोननला दुसऱ्या वाहिनीनं पळवू नये, म्हणून दिलेला तो शब्द होता. लेनो तेव्हा चौपन्न वर्षांचा होता आणि त्या वेळेचा पहिल्या क्रमांकाचा कार्यक्रम त्याचाच होता. पाच वर्षांनीही तो पहिलाच होता. मग तो प्रतिस्पर्ध्याकडे जाईल ही भीती आली. म्हणून त्याला आठवड्याचे पाच दिवस रात्री दहाचा तास दिला, सप्टेंबर 2009 पासून. कोनन जूनमध्ये 11.35 ला बसला होता.

यातली अडचण आम्हा बोस्टनवाल्यांना आधीच दिसली होती. इथं रात्री अकराच्या बातम्या प्रत्येक शहरातलं स्थानिक केंद्र स्वतः देतं आणि त्यांतल्या जाहिरातींवर त्याची चांगली कमाई असते. आमच्या चॅनल 7 च्या मालकांनी एप्रिल 2009 मध्येच सांगून टाकलं की दहाला लेनोऐवजी आपण आपल्याच बातम्या देऊ. एनबीसीनं संबंध तोडायची धमकी दिली, तेव्हा ते नमले. आमच्या मिरजेकडं पाटाचं पाणी वरच्या शेताला कमी पडलं, तर खालचं रान सुकतं. इथंही तेच झालं. दहाला लोक उठून गेले, अकराच्या बातम्यांचे प्रेक्षक घटले, आणि पुढं कोननपर्यंत पोचायला फारसं कोणी उरलं नाही. देशभरची स्थानिक केंद्रं ओरडू लागली.

जानेवारी 2010 मध्ये एनबीसीनं तोडगा काढला. लेनो 11.35 ला अर्धा तास, कोनन त्याच्यानंतर 12.05 ला. कोननच्या करारात वेळेची हमी नव्हती, असं तेव्हा छापून आलं होतं. 12 जानेवारीला त्यानं निवेदन काढून नकार दिला. मध्यरात्रीनंतर, म्हणजे दुसऱ्या दिवशी सुरू होणारा ‘टुनाइट शो’ हा ‘टुनाइट शो’च नव्हे, असं त्याचं म्हणणं होतं. 21 तारखेला सुमारे साडेचार कोटी डॉलरवर समझोता झाला. त्यातला जवळपास सव्वा कोटीचा वाटा त्याच्या सहकाऱ्यांसाठी होता. त्यांतले कितीतरी जण त्याच्यासाठी न्यूयॉर्कमधलं बिऱ्हाड मोडून लॉस एंजेलिसला गेले होते. 22 ला त्याचा शेवटचा कार्यक्रम झाला. मी रडले. कोननचं नारिंगी केसांचं एक चित्र तेव्हा सगळीकडं फिरत होतं. ते मी छापून कामावरच्या लॉकरला आतून चिकटवलं. दुसऱ्या वाहिनीवरच्या अशाच कार्यक्रमाचा सूत्रधार जिमी किमेल यानं लेनोच्याच कार्यक्रमात व्हिडिओवरून येऊन, त्याच्या प्रश्नांना याच प्रकरणावरून टोले हाणले होते. तो तुकडा मी किती वेळा पाहिला असेन, याची गणती नाही.

एवढा राग का, हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. दहा वर्षं सेकंड शिफ्ट केल्यावर मला दिवसपाळीचा शब्द मिळाला होता. दिवसपाळीला साठी उलटलेली एक ज्येष्ठ टेक्निशियन होती. ती निवृत्त झाली की जागा तुझी, असं साहेबांनी सांगितलं होतं. मुलगी तेव्हा अकरा वर्षांची. ती शाळेतून यायची तेव्हा मी कामावर निघालेली असायचे. त्या जागेचे दिवस मी कॅलेंडरवर मोजत होते. आणि ती बाई निवृत्त होईना. सहा महिने पुढं, मग आणखी सहा महिने. मी तिच्याशी बोलणं टाकलं. शिफ्ट बदलताना ती मशीनच्या तक्रारी सांगायची, मी मान हलवायचे, बस्स. माझ्या मनात ती लेनो होती.

मनात पहिली शंका आली ती जॉर्ज लोपेझमुळं. नोव्हेंबर 2010 मध्ये कोनन टीबीएस या वाहिनीवर रात्री अकराला सुरू झाला, तेव्हा मी आनंदानं शिरा केला होता. त्या अकराच्या जागी वर्षभर लोपेझचा कार्यक्रम चालू होता. त्याला बाराला सरकवलं. लोपेझनं स्वतः कोननचं स्वागत केलं, हे खरं. पण ऑगस्ट 2011 मध्ये त्याचा कार्यक्रम बंद झाला. ती बातमी वाचताना माझा हात थांबला. एकाला मध्यरात्रीकडं ढकललं म्हणून मी रडले होते. त्याच माणसासाठी दुसऱ्याला मध्यरात्रीकडं ढकललं, तेव्हा मी शिरा केला होता. लोपेझसाठी कुणी लॉकरला चित्र लावलं नाही. मीही नाही.

तरी मत बदलायला आणखी काही वर्षं गेली. ते बदललं मी स्वतः ड्युटी लावायला लागल्यावर. पर्यवेक्षक झाले तेव्हा पहिल्याच वर्षी दोन मुलींना नाताळची सुट्टी हवी होती. जागा एकच. एकीला म्हटलं, बघते, तुझंच करते. दुसरीलाही आठवड्यानं तेच म्हटलं. दोघी चांगल्या कामाच्या, दोघी सोडून जातील ही धास्ती. डिसेंबरमध्ये तक्ता लागला आणि एकमेकींशी त्यांचं बोलणं बंद झालं. माझ्याशी मात्र दोघी गोडच वागत होत्या. एकीनं तर मला येऊन सांगितलं, की दुसरीनं तुमचे कान भरले असणार. मी ऐकून घेतलं. खरं सांगायचं धाडस त्या दिवशी झालं नाही, दुसऱ्या दिवशी झालं.

त्या रात्री घरी येऊन मी सगळं पुन्हा मनात लावलं. एक खुर्ची दोघांना कबूल केलेली. दोन्ही शब्द एकाच भीतीनं दिलेले. आणि ज्यांनी ते दिले, त्यांतल्या एकाचंही नाव माझ्या तोंडात कधी नव्हतं. मी शिव्या घातल्या त्या लेनोला. त्यानं कार्यक्रम चांगला चालू असताना, सांगितलं तेव्हा खुर्ची सोडली होती आणि परत बोलावलं तेव्हा तो आला. येऊ नये असं मला आजही वाटतं. पण तो चोर नव्हता. लपून बैठक ऐकणारा लेनोही मला आता वेगळा दिसतो. आपलं काय करायचं हे बंद दाराआड ठरतंय आणि आपल्याला कुणी सांगत नाही, ही धाकधूक मी स्वतः भोगली आहे.

कोननबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. 12.05 नाकारण्यात तो बरोबर होता. त्याचा 22 जानेवारीचा निरोप मी मध्यंतरी पुन्हा पाहिला, या वेळी आवाज चालू ठेवून. त्यात त्यानं एनबीसीचे आभार मानले होते आणि तरुण प्रेक्षकांना मनात कडवटपणा न ठेवण्याची विनंती केली होती. हे सगळं मी त्या रात्रीही अक्षरांत वाचलं होतं.

त्यानंतरच्या दिवाळीत मी त्या जुन्या सहकारी बाईला फोन केला. ती मेनमध्ये मुलाकडं राहते. माझं म्हणणं तिनं शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, मला तर पासष्टीलाच जायचं होतं, साहेबच दर सहा महिन्यांनी थांब म्हणायचे, तुझ्या जागी रात्रीला माणूस मिळत नाही म्हणून. मी विचारलं, मग तेव्हाच मला का नाही सांगितलंस?

ती म्हणाली, तू माझ्याशी बोलत कुठं होतीस.