केसांसाठी गोळी

१० जानेवारी २०२५, खामगाव
बोंडगाव, कालवड, हिंगणा. शेगाव तालुक्यातली ही गावं सध्या सगळ्या वाहिन्यांवर. केस ओढले की हातात येतात, थोड्याच दिवसांत टक्कल. तपासायला पाण्याचे नमुने गेलेत. इकडे वसतिगृहातल्या मुलींनी धसका घेतलाय. एकीने औषधाच्या दुकानातून आणलेली व्हिटॅमिन ‘ए’ची डबी दाखवली, २५,००० युनिटची कॅप्सूल. “मॅडम, केसांना चांगली असते ना?” म्हटलं, ही जास्त झाली तर केसच गळतात. पटलं नाही तिला.

१३ जानेवारी, भोगी
मेसमध्ये गाजर, वांगी, ओला हरभरा, वर तिळाचं कूट. सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी. बारीक व्हायचं म्हणून एक मुलगी भाजीवरचं तेल निथळून काढत होती. मावशी म्हणाल्या, “तेलाबिगर भाजी लागते का वो?”

उद्याचा तास मावशींच्या बाजूने घ्यावा! गाजरातलं बीटा कॅरोटीन पाण्यात विरघळत नाही. आतड्यात पित्तरस आणि स्निग्ध पदार्थ यांच्या संगतीनेच ते आत शिरतं. पेशीत त्याचे तुकडे होऊन रेटिनॉल तयार होतं. त्याला स्निग्धाम्ल जोडलं जातं, बहुतेक वेळा पामिटिक. मग चरबीच्या कणांत बसून ते लसिकेतून रक्तात आणि शेवटी यकृतात जातं. धडधाकट तरुण माणसाच्या यकृतात काही महिन्यांची बेगमी असते. त्याला रोज गोळी कशाला?

२२ जानेवारी
आज उलटा प्रश्न आला. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घेणाऱ्या एका मुलाला डॉक्टरांनी रक्तातली चरबी तपासायला सांगितली. चेहऱ्याच्या औषधाचा चरबीशी काय संबंध, असं त्याला वाटलं.

हे औषध ‘ए’च्याच कुळातलं. पेशीच्या केंद्रकात या कुळाचे रेणू ज्या ग्राहकांना चिकटतात, त्यांतला आरएक्सआर एकटा राबत नाही. पीपीएआर नावाच्या ग्राहकाशी त्याची बैलजोडी जुंपलेली असते, आणि स्निग्धाम्लं जाळणारी जनुकं चालू करणं हे या जोडीचं एक काम. म्हणजे ‘ए’ची ढवळाढवळ चरबीच्या कारभारापर्यंत पोचते. हे औषध घेणाऱ्या काहींच्या रक्तात ट्रायग्लिसराइड वाढतात. यकृत जास्त चरबी सोडतं आणि ती उपसली जायलाही वेळ लागतो. निरोगी विशीतही. मुलींना मात्र सगळ्यात आधी सांगायचं ते वेगळंच: गर्भारपणात हे औषध घ्यायचंच नाही.

२७ फेब्रुवारी
शेगावच्या केसगळतीबद्दल डॉ. हिंमतराव बावस्करांचं म्हणणं छापून आलंय: रेशनवर आलेल्या परराज्यातल्या गव्हात सेलेनियम फार आहे. हे विंचूदंशावर काम केलेले डॉक्टर. कारण पक्कं ठरायचं ते ठरो. सेलेनियम फार झालं की केस जातात, हे वैद्यकाला जुनं माहीत आहे. तेही शरीराला लागतंच, पण मायक्रोग्रॅममध्ये.

वर्गात फळ्यावर आकडे मांडले. आयसीएमआरच्या २०२०च्या शिफारशीत ‘ए’ रोज पुरुषाला १००० मायक्रोग्रॅम, बाईला ८४०. तयार ‘ए’ची वरची मर्यादा ३०००. डबीतली २५,००० युनिटची एक कॅप्सूल म्हणजे ७५०० मायक्रोग्रॅम! पालक, शेवग्याचा पाला, गाजर यांतून असा अतिरेक होत नाही, शरीर गरजेपुरतंच कॅरोटीन बदलून घेतं.

डबीवाली मुलगी गणित उतरवून घेत होती. तास संपल्यावर तिने विचारलं, “मॅडम, मग दुकानदाराने चिठ्ठीशिवाय दिली कशी?”