बिद्रीहून हुपरीस : रुप्याचा सांधा

कोल्हापुराहून गारगोटीस जातांना कागल तालुक्यांत बिद्री नांवाचें गांव लागतें. हें नांव ऐकतांच पुष्कळांच्या डोळ्यांपुढें रुपेरी वेलबुट्टीची काळीभोर सुरई उभी राहते. परंतु ती बिद्री बिदर शहराची. आमच्या या बिद्रीचा लौकिक उंसाचा. दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखाना येथलाच. रुप्याचें काम पाहण्याची हौस असेल त्यानें येथून पूर्वेकडे, कागलवरून, हातकणंगले तालुक्यांतील हुपरीस जावें. जिल्ह्यांत या गांवास 'चांदीनगरी' म्हणतात, आणि तें नांव उगीच पडलेलें नाहीं.

येथला धंदा पेढ्यांत व कारखान्यांत जितका, तितकाच घराघरांतून चालतो. एके ठिकाणीं मुशींत रुपें आटतें, दुसरीकडे त्याची तार ओढली जाते, तिसऱ्या घरीं कड्या वळतात, चौथ्या घरीं घुंगुर जडतात. दुपारचें जेवणखाण आटोपून सासवा-सुना पैंजणाच्या कड्या गुंफीत बसलेल्या दिसतात. रेंदाळ, पट्टणकोडोली अशा शेजारच्या गांवांतही हें काम जातें. सोनें पायांत घालूं नये असा आपल्याकडे संकेत. म्हणून वाळे, तोडे, पैंजण, जोडवीं हीं रुप्याचीं, आणि हुपरीचें नांव आहे तें मुख्यतः या पायांतल्या दागिन्यांसाठीं.

रुपें चोख कीं हिणकस हें आपण चकाकीवरून ठरवूं पाहतों. कारागिराची नजर मात्र सांध्याकडे जाते. पैंजणाच्या एका जोडींत लहानमोठे शेकडों सांधे असतात. दोन कड्या जोडावयाच्या तर मध्यें रेण घालून टांकणखाराच्या साह्यानें झाळावें लागतें. चोख रुपें सुमारें ९६२ अंश सेंटिग्रेड उष्णतेस वितळतें. रेण त्याच्या आधीं वितळलें पाहिजे, नाहींतर दागिनाच ओघळेल; म्हणून रेणांत रुप्याबरोबर तांबें व जस्त मिसळतात. अर्थात् रेण हें मूळ रुप्याहून हिणकस असावयाचेंच. तें चिमूटभर पडलें तर सांधा पक्का होतो आणि टंच फारसा उतरत नाहीं. सढळ हातानें पडलें तर काम झटपट उरकतें, वजन भरतें, आणि पट्टी कितीही चोख असली तरी सबंध दागिन्याचा टंच खालीं येतो. गिऱ्हाइकास हें कळतें तें वीस वर्षांनीं, दागिना मोडून आटवितांना. मजुरी बहुधा वजनावर मिळते. म्हणजे रेण राखून घालणाऱ्या हाताला त्या जपणुकीचा वेगळा पैसा नाहीं. एकीकडे राजकोट, सेलम, आग्रा येथील मालाशीं चढाओढ, दुसरीकडे दारांत आलेलीं यंत्रें. अशा वेळीं तो हात आपला संयम किती दिवस राखील, हा हुपरीपुढचा खरा प्रश्न आहे.

सांध्याचें हें संकट इतर ठिकाणच्या कारागिरांनीं कसें टाळलें तें पाहण्यासारखें आहे. बिदरचा कारागीर जस्तांत थोडें तांबें घालून भांडें ओततो, त्यावर नक्षी कोरतो आणि त्या खांचांत चोख रुप्याची तार ठोकून बसवितो. शेवटीं बिदरच्या किल्ल्यांतील माती व नवसागर यांच्या योगानें भांड्याचें अंग काळें होतें, रुपें तेवढें पांढरें राहतें. येथें रुपें थोडें, पण त्यास रेणाचा स्पर्श नाहीं.

जपानांत टोकियोचे कारागीर याहून पुढें गेले. त्या शहरांतील गिंझा या प्रसिद्ध भागाचें नांवच १६१२ सालीं तेथें आलेल्या रुप्याच्या टांकसाळीवरून पडलें. १८७६ सालीं तलवार बाळगण्यास बंदी झाली, तेव्हां तलवारींचे साज घडविणारे पुष्कळ कारागीर भांड्यांकडे वळले. रुप्याचा एकच सपाट पत्रा लोखंडी ऐरणीवर ठोकीत ठोकीत त्यांतून पेला किंवा वाटी उभी करावयाची, ही त्यांची खरी करामत. ठोकल्यानें रुपें ताठ होतें. मग तें तापवून मऊ करावयाचें व पुन्हां ठोकावयाचें. पुण्याच्या तांबट आळींतलें मठारकाम ज्यांनीं पाहिलें आहे त्यांना ही रीत परकी वाटणार नाहीं. पेल्याच्या अंगास सांधा नाहीं, म्हणून झांकावयाचें कांहीं नाहीं. हातोडीचे ठसेही पुष्कळदां मुद्दाम राखतात. १९७९ सालीं जपान सरकारनें या कामास पारंपरिक हस्तकलेचा दर्जा दिला. आणि तेथील सरकारी टांकसाळ तर १९२९ पासून मौल्यवान् धातूंची परीक्षा करून त्यांवर मुद्रा उठवीत आली आहे. आपल्याकडे भारतीय मानक संस्थेची रुप्यावरील मुद्रा २००५ सालीं, ऐच्छिक म्हणून, सुरू झाली.

परंतु पैंजण एका पत्र्यांतून ठोकून निघणार नाहीं. तें वळलें पाहिजे, वाजलें पाहिजे; म्हणून त्याला सांधे हवेतच. तेव्हां हुपरीच्या कारागिरानें जपानचा कित्ता गिरवावा असें सांगण्यांत अर्थ नाहीं. शिकावयाचें आहे तें आपण गिऱ्हाइकांनीं. लेकीसुनांसाठीं पैंजण घेतांना पट्टीचा नव्हे, सबंध दागिन्याचा टंच विचारावा, मुद्रा पाहावी, दागिना उलटा करून सांध्यांवरून बोट फिरवावें. रेणाचे गोळे हातास लागले तर तो परत ठेवावा. आणि सांधा नितळ असेल तर मजुरींत घासाघीस करूं नये. चार पैसे अधिक गेले तरी ते वीस वर्षांनीं नातीच्या पदरांत परत पडतात.