‘इन’ आणि ‘अप’

इंग्रजीतल्या मोठ्या शब्दांना भिण्याचे काही कारण नाही. असा शब्द भेटला की कोश उघडावा, अर्थ पाहावा, काम संपले. घाम फोडतात ते लहान शब्द. गिव्ह, पुट, टर्न, लुक ही तशी पहिल्या इयत्तेतली पोरे. पण मागे अप, डाऊन, इन, ऑफ यांपैकी एखादे शेपूट लागले की ती ओळखसुद्धा देत नाहीत. ‘टर्न अप’ म्हणजे हजर होणे, ‘टर्न डाऊन’ म्हणजे नाकारणे. आणि रेडिओपाशी हाच ‘टर्न डाऊन’ आवाज कमी करतो. ‘पुट अप’ म्हणजे उभारणे, त्याला ‘विथ’ जोडला की सोसणे. अर्ज ‘फिल इन’ करा की ‘फिल आउट’, भरायचा तोच आणि तेवढाच!

परक्यांना सर्वांत जड जाते ते हेच, असे डॉ. जॉन्सनने आपल्या १७५५ सालच्या कोशाच्या प्रस्तावनेत लिहून ठेवले आहे. ‘फ्रेजल व्हर्ब’ हे नाव पसरले ते मात्र लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या १९२५ सालच्या पुस्तकानंतर. दुखणे जुने, बारसे उशिरा.

हे सारे उकरून काढायची वेळ माझ्यावर आणली ती आईने. माझी आठ वर्षांची भाची इंग्लंडात वाढते आहे. तिला मराठी कळते, पण बोलते ती इंग्रजीच. एका रविवारी फोनच्या पडद्यावर तिने आजीला सांगितले, की तिने पियानो ‘गिव्ह अप’ केला. आई हळूच मला म्हणाली, “अरे, एवढा महागाचा पियानो दिला तरी कुणाला?”

दुसऱ्या दिवशी आईने दोनशे पानी वही आणली. वय ७१.

तिची शंका सरळ होती. ‘टर्न ऑफ द लाइट’ चालते, ‘टर्न द लाइट ऑफ’ही चालते, मग ‘टर्न इट ऑफ’ चालते आणि ‘टर्न ऑफ इट’ का चालत नाही? आणि ‘लुक आफ्टर’ची जोडी मुळीच का फोडायची नाही? मी मराठीचा मास्तर, म्हणून घरच्या वाटेने गेलो. म्हटले, “आई, आपल्याकडे दिवा लागतो, भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, नाद लागतो, गावाला जाताना वाटेत नदी लागते. हे सगळे एकाच ‘लागणे’ने कसे होते, असे तू कधी विचारलेस?”

“ते कुठे शिकावे लागते?” आई म्हणाली. आणि आपल्याच वाक्यातला ‘लागते’ ऐकून हसत सुटली.

मग वही भरू लागली. अर्थ ती आपल्या शब्दांत लिही. ‘लुक आफ्टर’ला ‘सांभाळणे’, ‘लुक डाऊन ऑन’ला ‘नाक मुरडणे’. ‘गिव्ह अप’पुढे ‘सोडून देणे’ आणि ‘गिव्ह इन’पुढे ‘हार खाणे, समोर कुणीतरी हवे’. एवढी नेमकी व्याख्या मला वर्गात साधली नसती.

प्रत्येक शब्दाचे एक वाक्य करायचे, असा आमचा नेम. एके दिवशी वही चाळताना ‘गिव्ह अप’खालचे वाक्य दिसले: १९७८ साली मी गाणे सोडले. आई मध्यमा झालेली आहे. लग्नानंतर तंबोरा माळ्यावर गेला, तो तिथेच. घरात तिला गुणगुणताना ऐकले आहे, पण याविषयी चकार शब्द नाही. त्या वाक्यातला ‘अप’ तिने खोडला होता आणि वर बारीक अक्षरात ‘इन’ लिहिले होते. व्याकरणाने ते वाक्य मोडले होते. मी लाल पेन खिशातच ठेवले.

पुढच्या रविवारी तिने तेच वाक्य, खोडलेल्या ‘अप’सकट, नातीला वाचून दाखवले. पोरगी इंग्रजीत वाढलेली. तिने लगेच विचारले, कुणापुढे?

आई माझ्याकडे वळली. “अरे, सासूबाईंना इंग्रजीत काय म्हणतात रे?”

“मदर-इन-लॉ.”

“म्हणजे यातही ‘इन’ आहेच,” आई म्हणाली, आणि चष्मा सारखा करून तिने पडद्याकडे तोंड केले.