डोळ्यांची फसगत आणि डावा-उजवा मेंदू

डोळ्यांनी पाहिले ते खरे, असे सगळे म्हणतात. माझी आजी तर नेहमी म्हणते, "डोयानं पायलेलं खरं, कानानं आयकलेलं खोटं." पण डोळेसुद्धा फसतात. ते कसे फसतात, आणि त्यावरून आमच्या घरी काय झाले, ते मी या लेखात लिहिणार आहे.

पहिली फसगत आपण सगळ्यांनी पाहिलेली आहे. आपल्या वऱ्हाडात ऊन फार. अकोल्याला मे महिन्यात पारा ४५ अंशांच्याही वर जातो. दुपारी डांबरी सडकेने जाताना पुढे पाणी सांडल्यासारखे दिसते. जवळ गेले की पाणी नाही. ते आणखी पुढे दिसते. त्याला मृगजळ म्हणतात. सडक तापते म्हणून तिच्याजवळची हवा फार गरम होते. वरची हवा त्या मानाने कमी गरम असते. त्या दोन हवांतून येताना उजेड वाकतो. मग वरचे आभाळ आपल्याला खाली सडकेवर दिसते, आणि आपल्याला वाटते पाणीच आहे.

आमच्या बाईंनी वर्गात विचारले, "मृगजळाचा फोटो निघेल का?" आम्ही म्हणालो, नाही निघणार, कारण ते खोटे आहे. पण बाई म्हणाल्या, "निघतो. कारण उजेड खरोखरच वाकलेला असतो. कॅमेऱ्यालाही तसेच दिसते." मग बाईंनी दुसरी गोष्ट सांगितली. पुनवेचा चांद उगवतो तेव्हा तो परातीएवढा मोठा दिसतो. रात्री डोक्यावर आला की लहान दिसतो. त्याचा फोटो काढला तर दोन्ही वेळी चांद सारखाच येतो. म्हणजे ही फसगत उजेडाची नाही. ती आपल्या मेंदूची आहे.

हे मी स्वतः करून पाहिले. हरभऱ्याचा एक दाणा तुरीच्या काडीच्या टोकाला चिकटवला. कोजागिरीच्या दिवशी चांद उगवला तेव्हा हात सरळ लांब करून, एक डोळा मिटून, दाणा चांदासमोर धरला. एवढा मोठा चांद हरभऱ्यामागे पूर्ण लपला! मग दूध पिताना चांद वर आला होता. पुन्हा तसेच केले. तेव्हाही तो तेवढाच लपला. मला फार नवल वाटले.

बाईंनी सांगितले की डोळा म्हणजे फक्त खिडकी आहे. डोळ्यात आत एक पडदा असतो. त्यावर चित्र उलटे पडते. ते सुलटे समजून घेण्याचे काम मेंदू करतो. लहान काय, मोठे काय, जवळ काय, दूर काय, हेही मेंदूच ठरवतो. आणि तो फार घाईने ठरवतो. अकोला स्टेशनवर आपण गाडीत बसलो असलो आणि बाजूची गाडी सुरू झाली, तर आपलीच गाडी निघाली असे वाटते. ती पण मेंदूची घाईच.

पऱ्हाटीच्या दोन सारख्या काड्या घ्या. एका काडीच्या दोन्ही टोकांना बाणासारखी आत वळलेली लहान टोके लावा. दुसरीला तीच टोके बाहेर वळलेली लावा. दुसरी काडी लांब दिसेल. पट्टीने मोजा, दोन्ही सारख्याच भरतील. हे चित्र म्यूलर-लायर नावाच्या जर्मन माणसाने १८८९ मध्ये लोकांना दाखवले. गंमत अशी की मोजून झाल्यावरही एक लांबच दिसते. पट्टीचे आपल्याला पटते, पण डोळ्याला पटत नाही.

असल्या गमती फक्त परदेशातच नाहीत. आपल्या अजिंठ्याच्या पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात एका खांबावर चार हरणे कोरलेली आहेत. चार धडे आहेत, पण डोके एकच आहे. ज्या धडाकडे पाहावे त्याचेच ते डोके वाटते. बाईंनी पुस्तकातले चित्र दाखवले तेव्हा आम्ही वहीने तीन धडे झाकून पाहिले. प्रत्येक वेळी पूर्ण हरीण दिसले. ही लेणी वाकाटक राजांच्या काळातली आहेत. तेव्हा हरिषेण राजा होता, आणि त्याच्या घराण्याची राजधानी वत्सगुल्म होती. वत्सगुल्म म्हणजे आपले वाशीम. ते १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यातच होते. पंधराशे वर्षांपूर्वीच्या कारागिरांना डोळे कसे फसतात ते माहीत होते, हे वाचून मला अभिमान वाटला.

आता घरची गोष्ट सांगते.

दिवाळीत आमच्याकडे एक पाहुणे आले होते. त्यांच्या मोबाईलवर एक चित्र होते. काळी सावलीसारखी बाई एका पायावर गोल गोल फिरत होती. ते म्हणाले, "पाय वं पोरी, कोन्या बाजूनं फिरते?" मी म्हणाले, "घड्याळाच्या काट्यासारखी." मी डाव्या हाताने लिहिते, हे त्यांनी आधीच पाहिले होते. ते बाबांना म्हणाले, "इचा उजवा मेंदू चालते. इले चित्रं, गाने जमतीन. गनित काही जमत नाही अशा पोराईले. उलट्या बाजूनं ज्याले दिसते त्याचा डावा मेंदू, तो हुशार गनितात."

बाबा पाचवीत मला नवोदयच्या परीक्षेला बसवणार होते आणि त्यासाठी अकोल्याहून पुस्तक आणणार होते. पाहुणे गेल्यावर बाबा आईला म्हणाले, "मंग कायले पुस्तकाले पैसे घालाचे?" ते मी ऐकले. मला रात्री जेवण गेले नाही. मला गणित आवडते. एका बाईच्या चित्रावरून माझे गणित कसे काय गेले, हे मला समजेना.

दुसऱ्या दिवशी मी शेजारच्या दादाच्या मोबाईलवर तेच चित्र पुन्हा पाहिले. आधी घड्याळाच्या काट्यासारखीच फिरली. मग मी हाताने वरचा भाग झाकला आणि फक्त पाय पाहत राहिले. थोड्या वेळाने ती उलटी फिरायला लागली! हात काढला तरी उलटीच. मग पुन्हा सुलटी. आजीला दाखवले तर तिला आधी उलटी दिसली, आईला सुलटी. आजी म्हणाली, "मंग आता माह्या डोक्यात कोनता मेंदू हाय वं?" आम्ही खूप हसलो.

शाळा उघडल्यावर मी हे बाईंना सांगितले. बाईंनी दोन-तीन दिवसांनी मला सगळे समजावून सांगितले. ते चित्र जपानच्या नोबुयुकी कायाहारा यांनी २००३ मध्ये तयार केले. ती फक्त सावली आहे. सावलीला पुढची बाजू कोणती आणि मागची कोणती हे कळत नाही. म्हणून मेंदू आपल्या मनाने एक बाजू ठरवतो. त्यावरून डावा मेंदू की उजवा मेंदू हे ठरवणे, ही लोकांनी नंतर पसरवलेली गोष्ट आहे.

मग डावा-उजवा मेंदू हे सगळेच खोटे आहे का? तसेही नाही. मेंदूचे दोन अर्धे भाग खरेच असतात. डावा भाग उजवा हात चालवतो आणि उजवा भाग डावा हात चालवतो. पुष्कळ माणसांचे बोलण्याचे काम जास्त करून डाव्या भागात चालते. फ्रान्सच्या ब्रोका नावाच्या डॉक्टरांनी ते १८६५ मध्ये मांडले. दोन्ही भागांना जोडणारा एक जाड पूल असतो. काही रोग्यांचे फेफरे थांबावे म्हणून डॉक्टरांनी तो पूल कापला होता. अशा रोग्यांचा अभ्यास अमेरिकेच्या रॉजर स्पेरी यांनी केला. दोन्ही भागांना वेगवेगळी कामे चांगली जमतात हे त्यांना दिसले. त्यांना १९८१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी त्यांच्याबरोबर ह्यूबेल आणि वीझेल या दोघांनाही मिळाले. डोळ्याने पाहिलेले मेंदू कसे समजून घेतो, हे त्या दोघांनी शोधले होते.

पण आपल्या डोक्यातला पूल काही कापलेला नाही. २०१३ मध्ये अमेरिकेच्या युटा विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी १,०११ माणसांच्या मेंदूंची छायाचित्रे तपासली. त्यात ७ वर्षांपासून २९ वर्षांपर्यंतचे लोक होते, म्हणजे आमच्याएवढी मुलेही होती. कोणाचा फक्त डावा मेंदू जोरात आणि कोणाचा फक्त उजवा, असे काही सापडले नाही. बाई म्हणाल्या, "बंडीले दोन बैल असतात. वळणावर एक बैल थोडा जास्त जोर लावते. पण एकाच बैलानं बंडी चालते का?"

हे सगळे मी बाबांना सांगितले. बाबा ऐकून घेत होते, पण त्यांना पूर्ण पटले नाही. तेवढ्यात आई म्हणाली, "अंगनात रांगोळी टाक." मी १५ ते ८ ठिपक्यांची रांगोळी काढायला घेतली. म्हणजे मधल्या ओळीत १५ ठिपके, मग वर आणि खाली १४, १३ असे कमी करत ८ पर्यंत. ठिपके काढता काढता मी बाबांना विचारले, "बाबा, सगळे मिळून किती ठिपके होतीन?" बाबा बोटे मोजायला लागले. मी डाव्या हाताने ठिपके देत होते आणि तोंडाने बेरीज करत होते. १४ अधिक ८ म्हणजे २२. १३ अधिक ९ म्हणजे २२. १२ अधिक १० म्हणजे २२. मधले ११ उरले. सगळे ७७. वरचे ७७ आणि खालचे ७७, म्हणजे १५४. मधल्या ओळीचे १५ मिळवले की १६९. बाबांनी ठिपके एकेक करून मोजले. १६९ च निघाले.

मी विचारले, "आता सांगा, हे चित्र हाय का गनित?"

आबाजी ओट्यावर बसले होते. ते गुरुदेव सेवा मंडळाच्या भजनात खंजिरी वाजवतात, आणि त्यांना पावकी-निमकीसुद्धा तोंडपाठ आहे. ते म्हणाले, "म्या मात्रा मोजल्याबिगर खंजिरी वाजत नाही, पोरा. त्या पावन्याचं काय आयकतं? आन तिले पुस्तक."

बाबा काही बोलले नाहीत. पण सोमवारी बाजाराला अकोल्याला गेले आणि येताना पुस्तक घेऊन आले. त्या परीक्षेत ८० प्रश्न असतात. ४० प्रश्न आकृत्या ओळखण्याचे, २० गणिताचे आणि २० भाषेचे. म्हणजे दोन्ही बैल जुंपावेच लागतात.

मित्रमैत्रिणींनो, या कागदाच्या खालच्या कोपऱ्यात मी दोन चित्रे काढली आहेत. पहिला एक चौकोनी डबा आहे, फक्त रेघांचा. असा डबा स्वित्झर्लंडच्या नेकर यांनी १८३२ मध्ये दाखवला. त्याच्याकडे पाहत राहा, पुढची बाजू मागे जाईल. दुसऱ्या चित्रात डावीकडे फुली आणि उजवीकडे ठिपका आहे. डावा डोळा मिटा, उजव्या डोळ्याने फक्त फुलीकडे पाहा आणि हळूहळू कागदाजवळ या. एका ठिकाणी ठिपका नाहीसा होईल. डोळ्याच्या पडद्यावर तेवढी जागा आंधळी असते, आणि मेंदू ती आपल्या मनाने भरून काढतो.

शाळेत आलेल्या आईवडिलांनीही हे करून पाहावे. आणि एका चित्रावरून कोणाच्या पोराचे गणित ठरवू नये, एवढीच माझी विनंती आहे.

— इयत्ता ४ थीची एक विद्यार्थिनी