बारा ए

जळगावच्या गोलाणी मार्केटात किंवा धुळ्यात कोर्टाच्या आसपास ‘बारा ए भरायचंय’ एवढं म्हटलं की पुरतं. एचपीच्या लेझरजेट १०२० ला लागणारं हे कार्ट्रिज. कॅननच्या एलबीपी २९०० चं ३०३ हे त्याचं जुळं भावंड; एकाच्या जागी दुसरं बिनतक्रार बसतं. नातं जुनंच आहे. लेझरने ड्रमवर अक्षरं उमटवायची कल्पना झेरॉक्समधल्या गॅरी स्टार्कवेदरची, पण १९८४ साली आलेल्या पहिल्या लेझरजेटचं इंजिन कॅननचं होतं. कॅननची खुबी अशी, की पावडर, ड्रम, ब्लेड सगळं एकाच डब्यात. पावडर संपली की डबाच बदला, मेकॅनिक नको. आपल्याकडे मेकॅनिक नेमका त्या डब्यापाशीच उभा राहिला.

माझा चुलतभाऊ जळगावात हेच काम करतो. पिना ठोकून डबा उघडायचा, ड्रम लगेच काळ्या फडक्यात गुंडाळायचा, कारण उजेडाने तो खराब होतो. मग वेस्टचा कप्पा रिकामा करायचा. घाईतले लोक नेमकं हेच टाळतात आणि नुसती पावडर ओततात; कप्पा भरून वाहायला लागला की गिऱ्हाइकाच्या सातबाऱ्यावर काळे डाग. कंपनीच्या हिशोबाने एका भरणीत दोन हजार पानं. दोन-तीन भरण्यांनी ड्रम बदलावा लागतो.

ही पावडर म्हणजे शाई नव्हे. बारीक दळलेलं प्लास्टिक आणि लोखंडाचा ऑक्साइड. म्हणून वहिनी त्याचे शर्ट थंड पाण्यातच धुते, गरम पाण्यात डाग वितळून कायमचा बसतो. आणि म्हणूनच भरताना पंखा बंद. जळगावचा मे महिना, पारा चव्वेचाळीसवर, शटर अर्धं ओढलेलं. मास्क दहा मिनिटांत भिजून गळ्यात येतो. रुमालात शिंकलं की काळं. डॉक्टरकडे जा म्हटलं तर म्हणतो, सीझन संपू दे. खरं तर ॲडमिशन, पीकविमा, कोर्ट. सीझन संपतो कुठे?

आता नव्या कार्ट्रिजला चिप असते. पावडर असूनही प्रिंटर ‘संपली’ म्हणतो. २०१७ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने लेक्समार्कच्या खटल्यात निकाल दिला, की एकदा विकलेल्या कार्ट्रिजवर कंपनीचा पेटंटहक्क उरत नाही. निकाल चांगलाच, पण त्याने चिप उघडत नाही. भाऊ वेगळी चिप विकत आणून चिकटवतो. शिवाय इंक टँकवाले बाटली घरीच ओततात.

दुपारी मुलगी डबा घेऊन येते. ती पायरीवर दिसली की तो पावडरच्या बाटलीला झाकण लावतो, टेबल ओल्या फडक्याने पुसतो आणि मग पंखा सुरू करतो.