मापाची दुनळी

भाचीसाठी बंदूक घ्यायची ठरली तेव्हा ताईने सांगलीहून फोनवर विचारलेला पहिला प्रश्न होता, "अरे, पण रायफल का नाही? आपल्याकडचे सगळे रायफलच मारतात की!" तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. अंजली भागवत, सुमा शिरूर, 2010 ला म्युनिकमध्ये जगज्जेती झालेली तेजस्विनी सावंत, पॅरिसला ब्राँझ मिळवणारा कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, सगळे रायफलवाले. राही सरनोबत पिस्तूलवाली. हवेत उडणाऱ्या तबकडीवर दुनळी चालवणारा मराठी माणूस मात्र शोधावा लागतो. कारण साधं आहे. दहा मीटरची एअर रायफल एखाद्या शाळेच्या हॉलमध्येही चालते. ट्रॅपला, म्हणजे या तबकड्यांच्या खेळाला, मोकळं रान लागतं, जमिनीत पुरलेली पंधरा यंत्रं लागतात आणि काडतुसांसाठी पैसे लागतात. म्हणून हा खेळ बराच काळ बिकानेर, पतियाळा अशा घराण्यांत आणि ज्यांच्या घरी आधीपासून बारा बोअर होती अशा जमीनदारांत राहिला. अलीकडे ते बदललं आहे. मनीषा कीर भोपाळच्या मच्छीमार घरातली, पण राज्याच्या अकादमीतून पुढे आली.

भाची सायली नोकरीसाठी माझ्याकडे फरीदाबादला आली आणि सूरजकुंड रस्त्याने पंधरा-वीस मिनिटांवर तुघलकाबादची रेंज आहे हे कळल्यावर तिथलीच झाली. 1982 च्या एशियाडसाठी बांधलेली ही डॉ. कर्णीसिंह रेंज. बिकानेरच्या या महाराजांनी 1962 साली कैरोच्या जागतिक स्पर्धेत ट्रॅपमध्ये रौप्य मिळवलं होतं आणि पाच ऑलिंपिक खेळले होते. अरवलीच्या खडकाळ रानात ती रेंज आहे. शेजारी असोला-भाटीचं अभयारण्य. मोर केकाटत असतात आणि बारांच्या आवाजाची त्यांना इतकी सवय झालेली असते की पंचवीसचा राऊंड संपेपर्यंत ते बांधावरून हलत नाहीत.

सायली अकादमीच्या बंदुकीवर शिकली. मग एका निवृत्त फौजी कोचच्या ओळखीने कुणाची तरी बेरेटा रेंजवर वापरायला मिळायची, आज एक, उद्या दुसरी. राष्ट्रीय स्पर्धेत ठरलेला किमान स्कोअर तिने गाठला आणि 'रिनाउन्ड शॉट' म्हणून तिची नोंद झाली, तेव्हा स्वतःच्या बंदुकीचा विषय खऱ्या अर्थाने निघाला. आपल्याकडे ही गंमत आहे. तुमच्याकडे पैसे आहेत म्हणून परदेशी बंदूक मागवता येत नाही. 1980 च्या दशकाच्या मध्यापासून सर्वसामान्य परवानाधारकाला आयात बंद आहे. त्यामुळे त्याआधी आलेल्या बंदुका जुन्या होत गेल्या तशा महाग होत गेल्या. आयातीचं दार उघडतं ते स्कोअरवर, तेही सीमाशुल्काच्या सवलतीसकट. बाजारात किंमत विचारायच्या आधी मैदानावर ती भरावी लागते, आणि मला हा नियम मनापासून पटतो.

माझं आयुष्य गिअरबॉक्सच्या कारखान्यात गेलं. मिलिमीटरच्या शंभराव्या भागावरून भांडायची सवय. त्यामुळे "मामा, तुम्ही बघा" असं सायलीने म्हटल्यावर मी वही काढली.

आधी आम्ही पाहिली ती वापरलेली बेरेटा 682. मालक एक वयस्क सरदारजी, गुडघ्यांमुळे खेळ सोडलेले. त्यांनी चहा सांगितला, परवाना दाखवला, पेटी उघडली आणि म्हणाले, "तसल्ली से देखिए, मशीन है, झूठ नहीं बोलती." मी तसंच केलं. आधी नळ्या वेगळ्या केल्या. एका बोटावर हुकाने टांगून बोटाच्या पेराने हलकेच टिचकी मारली. घंटेसारखा स्वच्छ नाद आला म्हणजे वरच्या पट्टीचा डाख शाबूत. कुठे सुटला असता तर फुटक्या भांड्यासारखा आवाज आला असता. मग खिडकीच्या उजेडाकडे धरून नळीतून पाहिलं. आत उजेडाची वर्तुळं एकात एक सरळ बसलेली दिसली पाहिजेत. कुठे पोचा असेल तर तिथे सावली वाकते. नळ्या परत बसवून, पुढचं लाकूड काढून ठेवून, हलवून पाहिलं. अगदी किंचित, कानाला कळेल न कळेल इतकी खडखड होती. वरची उघडायची कळ नव्या बंदुकीत मधल्या रेषेच्या उजवीकडे थांबते आणि कुलपाचा धातू झिजत जातो तशी डावीकडे सरकते. इथे ती मधोमध आली होती. म्हणजे बरीच चाललेली, पण मरायला टेकलेली नाही. कुशल हाताखाली पुन्हा घट्ट करता येईल अशी.

तो कुशल हात दिल्लीत कुठे, हा पुढचा प्रश्न. दुनळीचं साधं काम करणारे मिस्त्री आहेत. पण ऑलिंपिक ट्रॅपच्या बंदुकीची सांध्याची पिन बदलून मापात बसवणारा माणूस मिळणं वेगळं. सुटा भाग इटलीहून यायचा तर महिने जातात.

त्याच आठवड्यात कोचच्या देखरेखीखाली रेंजवर तिला दोन बंदुका चालवून पाहायला मिळाल्या. एक बेरेटा डीटी 11, दुसरी पेराझी एमएक्स 8. एका क्रीगहॉफ के 80 लाही तिने हात लावला. वरून पुढे सरकणाऱ्या झाकणासारख्या कुलपाची ती जर्मन बंदूक मला यंत्र म्हणून भयंकर आवडली. सायलीने ती दोनदा खांद्याला लावली आणि "जड आहे" म्हणून परत दिली. प्रकरण तिथेच मिटलं.

राहिल्या दोन. दोन्ही एकाच ब्रेशिया जिल्ह्यातल्या. बेरेटा गार्दोने व्हाल त्रोम्पियाची, 1526 सालापासूनची. पेराझी 1957 ची. एमएक्स 8 मधला एमएक्स म्हणजे मेक्सिको, 1968 चं ऑलिंपिक. म्हणजे साठच्या दशकात आखलेली बंदूक आजही जवळपास त्याच आराखड्यावर बनते आणि ट्रॅपच्या फायनलमध्ये दिसते. माझ्या धंद्यात इतकं टिकलेलं डिझाइन मी क्वचितच पाहिलं.

ताईला फोनवर समजावताना मला एक गोष्ट नीट सांगावी लागली. वर-खाली नळ्या का? शेजारी-शेजारी नळ्यांची दुनळी आजोबांकडेही होती की. तर असं, की ट्रॅपमध्ये तबकडी शूटरपासून पंधरा मीटर पुढच्या खंदकातून सुटते, ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास वेगाने, डावीकडे की उजवीकडे हे आधी कळत नाही. पहिला बार साधारण पाऊण सेकंदाच्या आत उडतो. तो आधी खालच्या नळीतून मारतात. खालची नळी खांद्याच्या रेषेत असते, त्यामुळे धक्का सरळ मागे येतो, तोंड फारसं उसळत नाही आणि चुकलंच तर वरच्या नळीचा दुसरा बार लगेच मारता येतो. तोवर तबकडी लांब गेलेली असते, म्हणून वरच्या नळीचा चोक, म्हणजे तोंडाशी नळी चिंचोळी होते तो भाग, जास्त आवळलेला. खाली पाऊण मिलिमीटर, वर साधारण एक. आणि नजरेला रेषा एकच मिळते. एवढं सांगून झाल्यावर ताई म्हणाली, "बरं. मग दहा लाख कशाचे?"

प्रश्न बरोबर होता. इटलीत या दोघींची किंमत दहा हजार युरोंच्या आगेमागे, मॉडेल आणि लाकडाप्रमाणे कमी-जास्त. त्याच बेरेटाची साधी 686 त्याच्या एक चतुर्थांशातही मिळते, आणि तबकडी तिनेही तितकीच फुटते. चोवीस ग्रॅम छर्रे, तीनशेच्या आसपास दाणे, नळीतून बाहेर पडल्यावर त्यांना मालकाने किती पैसे मोजले ते माहीत नसतं. विकणारा काहीही सांगो, महाग बंदुकीने स्कोअर वाढतो हे मला पटत नाही.

मग पैसे कशाचे, ते मला पेराझीच्या मालकाने दाखवलं. नळ्या मोडून काडतुसं नाहीत याची खात्री केली, सेफ्टीची कळ नेहमीपेक्षा पुढे ढकलली, चापाचं कडं खाली ओढलं आणि सगळा ट्रिगर, स्प्रिंगा आणि घोड्यांसकट, घड्याळाच्या यंत्रासारखा त्याच्या तळहातावर आला. स्क्रू नाही, हत्यार नाही. "मैच के बीच स्प्रिंग टूटे तो दूसरा लगाओ, चलते बनो." सामन्यात बंदूक बिघडली तर दुरुस्तीला नियमाने मोजकी मिनिटं मिळतात. जिथे सुटे भाग आणि कारागीर सात समुद्रापलीकडे आहेत, तिथे ही सोय म्हणजे चैन नव्हे. जोडीला एक जादा ट्रिगर घ्यायचा, एवढंच. डीटी 11 लाही ट्रिगर सुटा होतो. मी वहीत दोघींना सारखे गुण दिले.

दुसरी गोष्ट म्हणजे टिकाऊपणा. गंभीरपणे खेळणारा शूटर वर्षाला हजारोंनी काडतुसं उडवतो. एका राऊंडला पंचवीस तबकड्या, आणि प्रत्येकीला दोन बार मारायची मुभा. काडतुसाची किंमत वडापावपेक्षा जास्त. हा हिशेब मांडला की लक्षात येतं, चारेक हंगामांत काडतुसांचा खर्च बंदुकीच्या खर्चाच्या पुढे जाऊ लागतो. आपल्या खडकीच्या कारखान्याची 'शक्तिमान' काडतुसं मी तरुणपणी मामांच्या पट्ट्यात पाहिली होती. त्यांची मला आठवण येते, पण स्पर्धेच्या सरावाला मुलं आयात केलेलीच वापरतात.

पण सायलीचा निर्णय या दोन्ही गोष्टींवर झाला नाही. माझी वही तिने पाहिलीसुद्धा नाही. "मामा, आकडे राहू द्या. ती खांद्याला लागली की डोळा आपोआप पट्टीवर यायला पाहिजे. मी शोधायला गेले की तबकडी गेली."

बहुतेक तयार स्टॉक पुरुषांच्या मापाचे असतात, लांबी साधारण 37 सेंटिमीटर. सायलीची मान लांब, हात आखूड. उधारीच्या बंदुकांवर ती गाल खाली दाबायची आणि डोळा पट्टीच्या वर राहायला हवा तो बुडायचा. कोचने तिला पस्तीस मीटरवर कागद लावून दिला. न शोधता, फक्त खांद्याला लावून बार. डीटी 11 ने छर्ऱ्यांचा मारा मध्यावर बसला. ट्रॅपची तबकडी वर चढत असते, म्हणून मारा थोडा वर हवा; नाहीतर तबकडी नळीने झाकावी लागते आणि झाकली की ती दिसत नाही. पेराझीचा गालाखालचा उंच-सखल होणारा तुकडा दोन खाचा वर घेतला. पुढच्या कागदावर साठ टक्क्यांच्या वर दाणे मध्यरेषेच्या वर. कोच एकच शब्द बोलले, "अब."

नंतर त्यांनी तिला एक राऊंड मारायला लावला. नोव्हेंबर होता. धुक्यात धूर मिसळलेलं ते दिल्लीचं करडं आकाश, ज्यात नारिंगी तबकडीसुद्धा क्षणभर विरघळते. ती पिवळी काच लावून पाचही जागांवरून फिरली, माइकसमोर "हा!" म्हणत. स्कोअर नेहमीचाच आला, एखाद-दुसरा इकडेतिकडे. पण बघण्यासारखं होतं ते दुसऱ्या बाराचं. दुसरा बार जवळजवळ लागलाच नाही. जे फुटलं ते पहिल्यातच. फायनलला एकच बार मिळतो, हे तिच्या डोक्यात आधीपासून असावं.

नळी 76 सेंटिमीटरची की 81 ची, यावर आमचं थोडं वाजलं. लांब नळी एकदा फिरू लागली की सरळ रेषेत फिरते असं माझं म्हणणं. तिचं म्हणणं, फिरवायला लागणारा खांदा माझा आहे. 76 ठरली.

ऑर्डर देताना मी दोन अटी घातल्या. ट्रिगरचा जादा संच हवा. आणि स्टॉक मापापेक्षा सेंटिमीटरभर लांब यायला हवा. लाकूड कापता येतं, वाढवता येत नाही. बाकी सगळं साधं. अक्रोडाच्या लाकडाच्या वरच्या प्रती आणि पोलादावरचं कोरीवकाम या दोन गोष्टींनी या बंदुकांची किंमत दुप्पट-तिप्पट होते, आणि त्यातल्या एकीनेही दाणा मिलिमीटरने सरकत नाही. उरलेली रक्कम काडतुसांना. मग कागदपत्रं सुरू झाली. संघटनेची शिफारस, परदेश व्यापाराची परवानगी, परवान्यावर नोंद, पोलीस आयुक्तालय. सायली त्यासाठी ऑफिसमधून अर्ध्या रजा टाकते आहे.

संध्याकाळी ताईला फोटो पाठवला. तिने लगेच फोन केला.

"अरे, ही तर नुसती काळी आहे. आपल्या आजोबांच्या बंदुकीवर हरणं कोरलेली होती. एवढ्या पैशात नक्षीसुद्धा नाही?"

"नक्षीचे वेगळे पडतात, ताई."

"किती?"

मी म्हटलं, सायलीला विचार, ती समोरच बसली आहे, आणि फोन तिच्याकडे दिला.