उंबऱ्यापलीकडे

दारूच्या दुकानाची पायरी चढणार नाही, असे आईने आम्हा भावंडांकडून वदवून घेतले होते. वडिलांना दारूनेच नेले. म्हणून २०१९ साली आयर्लंडमधील लिस्टोवेल या लहानशा गावी पुतण्या मला जॉन बी. कीन यांच्या मद्यगृहात घेऊन गेला, तेव्हा मी उंबऱ्यावरच थबकलो.

कीन नाटककार. १९५५ मध्ये त्यांनी हे मद्यगृह घेतले. गिऱ्हाइकांचे पेले भरायचे आणि दार लावल्यावर रात्री लिहीत बसायचे! त्यांचे ‘साइव्ह’ डब्लिनच्या ॲबी थिएटरने नाकारले. गावच्या हौशी मंडळींनी ते बसवले आणि १९५९ मध्ये अखिल आयर्लंड स्पर्धा जिंकली. कीन २००२ मध्ये निवर्तले. गावात दरवर्षी साहित्य सप्ताह भरतो.

त्या रात्री कोणी गात होते, कोणी वाचत होते. एक वृद्ध शेतकरी उठला आणि दिवंगत पत्नीवर रचलेल्या ओळी म्हणू लागला. पेले धुणाऱ्याचे हातही थांबले. वडीलही पिऊन आले की गात. शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून आई खिडक्या लावून घेई. त्यांचा गळा गोड होता, हे मी तोवर कोणाजवळ बोललो नव्हतो.

वसईला परतल्यावर आईला सारे सांगितले. तिने प्रथम विचारले, “तू काय प्यायलास?”

“संत्र्याचा रस.”

बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, “आणि त्या म्हाताऱ्याला घरी कोणी पोचवले?”

ते मी पाहिले नव्हते.